खेळ, खेळणं आणि रचना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पटावरचे आणि पत्त्यांचे खेळ बनवते आणि रचना शिकणाऱ्या मुलांबरोबर त्यांवर काम करते. गेल्या काही वर्षांत जे प्रश्न पुन्हा पुन्हा समोर आले, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण ते विषय मला जिव्हाळ्याचे वाटतात.

गेम डिझाइन म्हणजे पटावरची चित्रं आणि पत्त्यांचे रंग ठरवणं ना?

तेही लागतं, पण बहुतेक वेळा सगळ्यात शेवटी. बुद्धिबळ घ्या. मोहरे हस्तिदंताचे असोत की बाटल्यांच्या झाकणांचे, डाव तोच राहतो. घोड्याची अडीच घरांची चाल मात्र बदलून बघा, लगेच दुसराच खेळ होतो. खेळ नियमांमध्ये राहतो, वस्तू त्याला अंग देतात.

२००४ साली रॉबिन हुनिके, मार्क लब्लाँ आणि रॉबर्ट झुबेक या तीन खेळ-अभ्यासकांनी खेळाचे तीन थर मांडले. पहिला थर नियमांचा. दुसरा, त्या नियमांमुळे खेळताना माणसं जशी वागू लागतात त्याचा. तिसरा, त्या वागण्यातून मनात जे उमटतं त्याचा: धाकधूक, हसू, हुरहुर, ईर्ष्या. रचणाऱ्याचा हात फक्त पहिल्या थरापर्यंत पोचतो. खेळणारा मात्र तिसऱ्या थरातून आत येतो; त्याला आधी धाकधूक जाणवते, नियम नंतर. या कामातली सगळी अडचण आणि सगळी गोडी या अंतरात आहे. तुम्ही थेट आनंद बनवू शकत नाही, तो उगवेल अशी जमीन तेवढी तयार करू शकता.

‘प्ले’ आणि ‘गेम’ यांत फरक काय? मराठीत तर दोन्हीला ‘खेळ’च म्हणतात.

हो, आणि मला ती मराठीची श्रीमंती वाटते. अंगणात नुसती धावणारी मुलं खेळतात, आणि पत्ते पिसून बसलेली मोठी माणसंही खेळतात. पाळी, नियम आणि शेवट आला की आपण ‘डाव’ म्हणतो. ‘खेळणं’ ही कृती आहे आणि हातातली वस्तूही आहे.

त्याहून सुंदर गोष्ट अशी, की मराठीत हवा खेळती असते, भांडवल खेळतं असतं, वाफ्यांतून पाणी खेळवतात. या सगळ्यांत अर्थ एकच: आखलेल्या जागेतली मोकळी हालचाल. चारी बाजूंनी उघड्या माळावर हवा खेळती आहे असं कोणी म्हणत नाही, तिथे नुसता वारा असतो. आणि खिडकीच नसलेल्या खोलीत हवा कोंडते. खेळती हवा म्हटलं की भिंतीही आल्या आणि खिडक्याही. खेळ रचणं म्हणजे काय असं कोणी एका वाक्यात विचारलं, तर मी हेच सांगते: भिंत कुठे घालायची आणि खिडकी कुठे ठेवायची हे ठरवणं.

फ्रेंच विचारवंत रॉजे काय्वा यांनी १९५८ साली खेळांचे चार मूळ प्रकार सांगितले. चुरस, नशीब, सोंग आणि गरगर. धावण्याची शर्यत पहिल्यात, फासे दुसऱ्यात, भातुकली तिसऱ्यात आणि स्वतःभोवती गिरक्या घेऊन भोवळ येईपर्यंत फिरणं चौथ्यात. यातला प्रत्येक प्रकार मोकळ्या दंग्यापासून काटेकोर नियमांपर्यंत कुठेही असू शकतो, असंही त्यांनी दाखवलं. तुमचा खेळ अडला असेल, तर या चारांतलं त्यात काय आहे आणि काय नाही हे एकदा बघा. पुष्कळदा चुरस ठासून भरलेली असते आणि सोंगाला जागाच नसते.

नियमांनी सर्जनशीलता मरत नाही का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि बहुतेक वेळा चित्रकला किंवा लेखन करणाऱ्यांकडून येतो.

बर्नार्ड सूट्स या तत्त्वज्ञांनी १९७८ साली खेळाची जी व्याख्या केली, तिचा आशय असा: गरज नसलेले अडथळे आपण होऊन पत्करून ते पार करायचा प्रयत्न म्हणजे खेळ. गोल्फमध्ये चेंडू खळग्यात टाकणं एवढाच हेतू असता, तर तो हातात घेऊन चालत जाणं सगळ्यात सोपं. पण खेळणारा लांबून, काठीने मारायचं कबूल करतो. ती अडचण काढली की खेळच संपतो.

लेखनातही तेच. फ्रेंच लेखक जॉर्ज पेरेक यांनी १९६९ साली एक अख्खी कादंबरी रोमन लिपीतलं ‘ई’ (e) हे अक्षर न वापरता लिहिली, आणि फ्रेंचमध्ये तेच अक्षर सर्वांत जास्त लागतं. मराठीत याचा अनुभव घ्यायचा असेल तर एकही काना न वापरता परिच्छेदभर गोष्ट लिहून बघा; ओ आणि औ यांतही काना आहे, म्हणजे तेही गेले. ‘होता’, ‘आला’, ‘म्हणाला’ यांतलं काहीच उरत नाही. ‘तो’सुद्धा नाही. पण ‘ती उठली, खिडकी उघडली’ हे सहज चालतं. थोड्याच वेळात तुमच्या गोष्टीतला नायक जाऊन तिथे नायिका आलेली असते. तुम्ही तिला योजली नव्हती, एका बंधनाने ती आणून दिली. मुलांबरोबर हा प्रयोग करताना दर वेळी कोणाच्या तरी चेहऱ्यावर हे उमगल्याचं दिसतं, आणि त्यानंतर नियमांविषयी फारसं समजवावं लागत नाही.

एखादा नियम चांगला आहे हे कसं ओळखायचं?

बास्केटबॉलची गोष्ट सांगते. या एका खेळात दोन उत्तम धडे आहेत.

१८९१च्या डिसेंबरात अमेरिकेतले व्यायामशिक्षक जेम्स नेस्मिथ यांच्यावर काम आलं, की हिवाळ्यात बंद व्यायामशाळेत खेळता येईल असा खेळ शोधा. मैदानी खेळ आत आणले की मुलं एकमेकांना पाडत, आणि खाली कठीण फरशी. नेस्मिथ यांनी विचार केला, की पाडापाडी का होते? कारण चेंडू घेऊन पळता येतं, आणि पळणाऱ्याला अडवायचा दुसरा मार्ग नसतो. म्हणून चेंडू घेऊन पळणंच बंद. मग, चेंडू जिवाच्या जोरावर का मारतात? कारण गोल समोर उभा असतो. म्हणून गोल आडवा केला आणि डोक्याच्या वर, दहा फुटांवर, सज्जाच्या कठड्याला ठोकला. आता चेंडू वळणाने वर फेकावा लागतो, आणि जोरापेक्षा नेम कामाला येतो. ढकलू नका असं त्यांच्या १३ नियमांत लिहिलेलं होतंच, पण त्याआधी त्यांनी ढकलण्यातला फायदा काढून घेतला होता. चांगल्या नियमाची माझी कसोटी हीच आहे. माणसाला हवं तसं वागावंसं वाटेल अशी परिस्थिती तो तयार करतो का?

दुसरा धडा साठेक वर्षांनंतरचा. अमेरिकेतल्या एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये, पुढे असलेला संघ चेंडू नुसता आपल्याकडे ठेवून वेळ काढी. २२ नोव्हेंबर १९५० रोजी फोर्ट वेन आणि मिनिआपोलिस यांचा सामना १९–१८ असा संपला. त्यात कोणी नियम मोडला नव्हता. नियमांनुसार ते वागणं शहाणपणाचंच होतं. १९५४ साली सिराक्यूज संघाचे मालक डॅनी बियासोन यांच्या आग्रहावरून २४ सेकंदांचं घड्याळ आलं: तेवढ्या वेळात चेंडू बास्केटकडे फेकायलाच हवा. हा २४चा आकडा आला कुठून? सामना ४८ मिनिटांचा, म्हणजे २८८० सेकंदांचा. रंगतदार सामन्यात दोन्ही संघ मिळून साधारण १२० वेळा फेकतात. भागाकार करा. त्या हंगामात संघांच्या गुणांची सरासरी ७९च्या आसपास होती ती ९३वर गेली.

तुमच्या चाचणीत कोणी असाच रटाळ पण हमखास जिंकणारा मार्ग शोधला, तर त्याला रडीचा डाव म्हणू नका. त्याने तुमच्या भिंतीतली फट दाखवली आहे. त्याला चहा पाजा आणि नियम बदला.

खेळात नशीब किती असावं?

किती यापेक्षा कधी, हे आधी ठरवा. पत्ते वाटले जातात आणि मग तुम्ही विचार करता, हे निर्णयाआधीचं नशीब. तुम्ही हल्ला करायचं ठरवता आणि मग फासा टाकता, हे निर्णयानंतरचं. पहिल्या प्रकारात ‘हे असं आलंय, आता यातून काय करू?’ असं वाटतं, दुसऱ्यात ‘होईल का?’ असं. दोन्ही हवीहवीशी असतात, पण चांगला विचार करूनही नंतरचं नशीब वारंवार पाणी फिरवू लागलं की लोक विचार करणं सोडून देतात.

थोडं गणितही लागतं. एका फाशावर सहाही आकडे सारखेच येतात. दोन फाशांच्या बेरजेत मात्र ३६ शक्यतांपैकी ७ सहा प्रकारे येतो आणि २ किंवा १२ एकेकाच प्रकारे. म्हणजे एक फासा वाढवला की ‘काहीही होऊ शकतं’ याचं ‘बहुतेक हे होईल’ असं होतं, आणि त्या ‘बहुतेक’वर पैज लावता येते.

नियमपुस्तिका कोणी वाचत नाही. काय करावं?

खेळालाच शिकवू द्या. १९८५च्या सुपर मारिओ ब्रदर्स या व्हिडिओ गेमचा पहिला टप्पा याचा नमुना आहे. मारिओ पडद्याच्या डाव्या बाजूला उभा असतो, तोंड उजवीकडे आणि पुढे मोकळी जागा. कुठे जायचं हे सांगावं लागत नाही. समोरून एक शत्रू चालत येतो. उडी मारली नाही तर मरण, पण ते अगदी सुरुवातीला, म्हणून गमावलेलं काहीच नसतं. पुढे प्रश्नचिन्हाच्या ठोकळ्यातून अळंबी निघते, उजवीकडे सरकते, नळाला आपटून परत मारिओकडेच येते. टाळणं कठीण अशी ती जागा आखलेली आहे. ती लागते आणि मारिओ मोठा होतो. अर्ध्या मिनिटात धावणं, उडी, धोका आणि बक्षीस शिकून झालेलं असतं, एकही वाक्य न वाचता.

पटावरच्या खेळातही हे करता येतं. पहिल्या फेरीत अर्धेच पत्ते वाटा. तिसऱ्या फेरीत लागणारा नियम तिसऱ्या फेरीतच सांगा.

चुकून घडलेली गोष्ट ठेवावी का?

ती चूक खेळाला काय देते ते बघा. १९७८च्या स्पेस इन्व्हेडर्स या व्हिडिओ गेममध्ये ५५ परग्रहवासी खाली उतरत येतात आणि जसजसे मरतील तसतसे उरलेले जोरात पळू लागतात. तो बनवणारे तोमोहिरो निशिकादो यांनी हे मुद्दाम योजलं नव्हतं. यंत्र संथ होतं आणि आकृत्या कमी झाल्या की त्याला उरलेल्या हलवायला कमी वेळ लागे. त्यांच्या लक्षात आलं की यामुळे शेवटाकडे श्वास रोखला जातो. त्यांनी ते तसंच ठेवलं. चढत जाणारी काठिण्यपातळी त्या खेळाला अशी मिळाली.

खेळणी बनवणं आणि खेळ बनवणं सारखंच का?

भावंडं आहेत. खेळ ध्येय देतो, खेळणं शक्यता देतं.

लेगोच्या विटेचं आजचं रूप १९५८च्या पेटंटचं आहे. दोन बाय चारच्या, एकाच रंगाच्या सहा विटा घेतल्या तर त्या ९१,५१,०३,७६५ प्रकारे जोडता येतात. आणि तेव्हाची वीट आजच्या विटेत बसते. मला त्या आकड्यापेक्षा या बसण्याचं अप्रूप जास्त आहे: जोडाची जागा एकदा नीट ठरवली म्हणून पुढचं सगळं मोकळं राहिलं.

एर्नो रुबिक बुडापेस्टमध्ये शिकवत होते. वस्तूचे भाग सुटे फिरावेत, तरी अखंड राहावेत, ही रचनेची अडचण त्यांना सोडवायची होती. १९७४ साली घन तयार झाला, त्यांनी बाजू फिरवल्या, रंग मिसळले आणि परत जागेवर येईनात. तेव्हा त्यांना कळलं की आपल्या हातात कोडं आहे. ते सोडवायला त्यांना स्वतःला महिन्याहून अधिक काळ लागला.

आणि एक उदाहरण मला सोडवत नाही. डेन्मार्कचे उद्यान-रचनाकार कार्ल थेओडोर सोरेनसेन यांच्या लक्षात आलं होतं, की मुलं सजवलेल्या बागांपेक्षा बांधकामांवर आणि भंगारात जास्त रमतात. १९४३ साली, देश जर्मनीच्या ताब्यात असताना, कोपनहेगनच्या एमड्रुप भागात त्यांच्या कल्पनेतलं ‘भंगार मैदान’ उघडलं. फळ्या, विटा, दोऱ्या, हत्यारं, माती. बाकी सगळं मुलांनी करायचं. इतक्या कमी हस्तक्षेपात इतकी नेमकी रचना मी दुसरी पाहिलेली नाही. घसरगुंडीवर मूल रचनाकाराने ठरवलेलं एकच काम करतं. फळीचं काय करायचं हे त्याला स्वतः ठरवावं लागतं.

खेळातून सामाजिक संदेश देता येतो का?

येतो, पण तो वागण्यातून पोचतो, पत्त्यांवर छापलेल्या वाक्यांतून नाही. लिझी मॅगी यांनी १९०४ साली ‘लँडलॉर्ड्स गेम’ या पटावरच्या खेळाचं पेटंट घेतलं. जमिनीची मक्तेदारी माणसांचं काय करते हे खेळता खेळता अंगावर यावं, हा त्यांचा हेतू. त्यांनी दोन नियमसंच केले: एकात संपत्ती वाढली की सगळ्यांचा वाटा वाढतो, दुसऱ्यात एकाने बाकीच्यांना कंगाल करायचं. हाच खेळ हातोहाती फिरत, बदलत गेला आणि १९३५ साली मोनोपॉली नावाने बाजारात आला. उरला तो दुसरा नियमसंच. म्हणून संदेशाची काळजी असेल तर एवढंच विचारा: जिंकण्यासाठी खेळणाऱ्याला काय करावं लागतं? तोच तुमचा संदेश.

अभ्यास किंवा काम रंजक व्हावं म्हणून गुण आणि बिल्ले द्यावेत का?

जपून. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी, चित्रं काढायला मुळातच आवडणाऱ्या लहान मुलांवर प्रयोग केला. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना ते नंतर अचानक दिलं, काहींना काहीच नाही. पुढच्या दिवसांत, बक्षीस कबूल केलेली मुलं आपण होऊन चित्रांकडे कमी वळली. अचानक बक्षीस मिळालेल्यांत तशी घट दिसली नाही.

मला यातून हे घेता येतं: बिल्ला हा खेळ नव्हे. खेळात निवड असते आणि निवडीला परिणाम असतो. अभ्यास खेळता करायचा असेल तर त्यात आधी निर्णय आणा. धडा कुठल्या क्रमाने घ्यायचा, कोणतं कोडं आधी, चुकलं तर दुसरी वाट कोणती. गुण लिहायची वही नंतर आणली तरी चालते, बऱ्याचदा तिची गरजच पडत नाही.

सुरुवात कशी करू?

आज, कागदावर. जुन्या पत्त्यांचा जोड, एक फासा, बटणं, पेन्सिल. माहीत असलेला साधा खेळ घ्या आणि त्यातला एकच नियम बदला. सापशिडीत फासा एकाऐवजी दोनदा टाकू द्या आणि दोहोंतला कोणता आकडा घ्यायचा ते खेळणाऱ्याला ठरवू द्या. जिथे नुसतं नशीब होतं तिथे आता माणूस मान वर करून साप मोजू लागतो. एका ओळीच्या बदलाने एवढं होतं, हे हाताने अनुभवल्याशिवाय पटत नाही.

पहिला नमुना कुरूप ठेवा. सुंदर छापलेला पत्ता फाडवत नाही, आणि पहिल्या आठवड्यात फाडावं पुष्कळ लागतं.

चाचणी घेताना काय बघायचं?

तोंड बंद ठेवून हात बघा. कोण पत्त्यांशी चाळा करतोय, कोण दुसऱ्याच्या पाळीतही पटाकडे टक लावून आहे, कोणाचा हात सोंगटीवर जाऊन थबकला. तो थबकलेला हात फार मोलाचा आहे, तिथे खरा निर्णय चालू असतो.

खेळ झाल्यावर ‘आवडला का?’ विचारू नका, लोक भिडेखातर हो म्हणतात. ‘शेवटच्या फेरीत काय घडलं ते सांग’ म्हणा. ज्याला गोष्ट सांगता येते, तो खेळला. माझ्या एका खेळात सगळ्यांनी ‘छान’ म्हटलं आणि कोणालाच काय घडलं ते आठवेना. चार महिन्यांचं काम मी बाजूला ठेवलं. वाईट वाटलं होतं, अजूनही वाटतं.

कल्पना कोणी चोरली तर?

सहसा खेळण्याच्या पद्धतीवर स्वामित्वहक्क लागू होत नाही. नियमांचे शब्द आणि चित्रं यांवर होतो, नावाला ट्रेडमार्कचं संरक्षण मिळतं. पेटंटचा मार्ग वेगळा आणि खर्चिक असतो. पण चोरीच्या भीतीने खेळ कोणालाच न दाखवणं हा त्याहून मोठा तोटा, कारण न खेळलेला खेळ सुधारत नाही.

लहान-मोठे, नवखे-मुरलेले एकत्र कसे खेळतील?

मुलांनी याचं उत्तर आधीच शोधलं आहे: लिंबूटिंबू. धाकट्याला खेळात घेतात, तो पळतो, ओरडतो, पण त्याच्यावर राज्य येत नाही. कोणी शिकवलेलं नसताना मुलं एका गड्यापुरता नियम वाकवतात, आणि बाकीच्यांचा डाव बिघडत नाही. तुमच्या खेळात अशी एक जागा ठेवा. बुद्धिबळात मुरलेला खेळाडू आपला एखादा मोहरा आधीच काढून ठेवतो, तेही हेच.

आणि रंगांवर एकट्यावर विसंबू नका. लाल-हिरव्यातला फरक न दिसणारी माणसं पुष्कळ असतात, त्यांतले बहुतेक पुरुष. प्रत्येक रंगाला सोबत एक आकार किंवा खूण द्या. सोंगटीचा माथा बोटाला वेगळा लागला तर आणखीच चांगलं.

संगणकावरचा खेळ करायचा असेल तरी कागदावर सुरुवात?

हो. गती किंवा नेम हाच गाभा असेल तर वेगळं, तिथे लवकर संगणकाकडे जावं लागतं. एरवी कागदावर नियम बदलायला खोडरबर पुरतो.

खेळ पूर्ण झाला हे कधी समजायचं?

मी नसताना, माझ्याशी काही बोलणं न झालेल्या लोकांनी, नुसती पेटी उघडून तो खेळून दाखवला, आणि संपल्यावर कोणी तरी न विचारता पुन्हा पत्ते पिसायला घेतले, की मी थांबते.